झिजलेली, चिरलेली, टोचलेली: प्राचीन रोमन चांदीच्या नाण्यांतील दोषांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन रोमची चांदीची नाणी जमवू लागलेल्या मंडळींना पहिल्या वर्षभरात जे प्रश्न पडतात, त्यांतील बहुतेक नाण्यातील उणिवांबद्दल असतात. शिक्का सरकला आहे, कडा फाटली आहे, चेहरा झिजला आहे, वर कोणीतरी टोचे मारले आहेत, मग नाणे घ्यावे की सोडावे? गेली अनेक वर्षे मी अशीच नाणी मुद्दाम निवडून घेत आलो आहे. माझी रीत एकच आहे: दोष दिसला की तो कोणी केला आणि कधी केला हे आधी शोधावे, आणि नाण्याची योग्यता त्यानंतर ठरवावी.

पूर्ण छापाची स्वच्छ नाणी बाजारात मिळत असताना सदोष नाणे का घ्यावे?

पैशाचे कारण आहेच आणि ते लपवण्याची गरज नाही. एका उत्तम प्रतीच्या नाण्याच्या किमतीत त्याच प्रकारची झिजलेली चार-पाच नाणी सहज येतात, आणि मर्यादित मिळकतीच्या माणसाला एवढ्यावरच रोमच्या पाचशे वर्षांचा इतिहास घरात आणता येतो. परंतु केवळ काटकसर म्हणून घेतलेले नाणे पुढे हातात पैसा आला की विकले जाते, आणि माझ्या संग्रहातील सदोष नाणी मी आजवर विकलेली नाहीत. जे नाणे टांकसाळीतून निघाले, कोणाच्या तरी हंड्यात पडले आणि दोन हजार वर्षे पुरलेलेच राहिले, ते देखणे असते यात शंका नाही. मात्र बाजारहाट, पगार, कर्ज, फसवणूक आणि पारख यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आलेले नसते. झिजलेल्या किंवा टोचलेल्या नाण्यावर या सगळ्याच्या खुणा असतात, आणि त्या वाचता येतात.

रोमन चांदीची नाणी म्हणजे नेमकी कोणती?

मुख्य नाणे डिनारियस. कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या धामधुमीत, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते सुरू झाले. सुरुवातीचे वजन साधारण साडेचार ग्रॅम होते आणि किंमत दहा 'अ‍ॅस', म्हणजे तांब्याची दहा नाणी, इतकी होती. डिनारियस या शब्दाचा अर्थच 'दहाचा' असा आहे. आपल्याकडील संस्कृत लेखांत येणारा 'दीनार' हा शब्द याच नावावरून आला. पुढे वजन चार ग्रॅमच्या थोडे खाली आले, आणि इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन व कस दोन्ही उतरवले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत नाण्यात जवळपास निम्मीच चांदी उरली होती. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने एक मोठे नाणे काढले, ज्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो आणि ज्याला संग्राहक अँटोनिनियानस म्हणतात. चौथ्या शतकातील पातळ, पसरट चांदीच्या नाण्यांना सिलिक्वा हे नाव रूढ आहे. नवख्या संग्राहकाने या तीन नावांशी आधी ओळख करून घ्यावी.

शिक्का मध्यावर नाही आणि निम्मी अक्षरे कडेबाहेर गेली आहेत. असे नाणे बनावट समजावे का?

अजिबात नाही. रोमन नाणी हाताने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे आणि त्यावर सहसा सम्राटाचा किंवा देवतेचा चेहरा कोरलेला असे. त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोडा मारायचा. चकतीला आवर घालणारे कडे नसल्यामुळे दाबाखाली चांदी वाटेल तशी पसरे. दिवसभर हेच काम करणाऱ्या कामगाराचा हात एखाद्या वेळी चुकला की चेहरा एका बाजूला सरके, नाकाचा शेंडा कडेवर येई आणि पाठीमागच्या बाजूला ठशाची मोकळी कड उमटे. दोन बाजूंच्या चित्रांची दिशाही म्हणूनच दर नाण्यात वेगळी असते.

कडेला जाणाऱ्या चिराही याच क्षणी पडत. मारताना चकती कमी तापलेली असली किंवा चांदी घट्ट झालेली असली, तर पसरताना ती कडेपासून आत फाटे. अशी चीर चेहऱ्याच्या आरपार जात नसेल तर मी ती दोषांत मोजतच नाही. माझ्याकडे सेव्हेरसच्या काळातील एक डिनारियस आहे, ज्यावर चीर सम्राटाच्या दाढीच्या टोकापाशी येऊन थांबते. भिंगातून पाहिले की चिरेच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला किंचित वळलेल्या आणि बाकीच्या पृष्ठभागाइतक्याच जुन्या, मऊ झालेल्या दिसतात. ती चीर नाण्याच्या जन्माची आहे याचा तो पुरावा. अलीकडे पडलेल्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतील चांदी उजळ दिसते.

माझ्या नाण्याच्या मागच्या बाजूला तोच चेहरा उलटा आणि खोलगट उमटला आहे. हे काय आहे?

तुमचे नशीब चांगले आहे. आधी पाडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून बसले, कामगाराच्या ते लक्षात आले नाही, आणि त्याने पुढची चकती ठेवून हातोडा मारला. त्यामुळे खालच्या बाजूला चेहरा नेहमीसारखा उठावात उमटला आणि वरच्या बाजूला, ठशाऐवजी अडकलेले नाणेच दाबले गेल्यामुळे, तोच चेहरा आरशातल्यासारखा खोल उमटला. इंग्रजीत यासाठी 'ब्रोकेज' हा शब्द आहे आणि आपल्याकडील संग्राहकही तोच वापरतात. हातोड्याच्या दोन घावांमधील एवढासा क्षण दोन हजार वर्षांनी तळहातावर पाहायला मिळावा, यापरते सुख मला तरी या छंदात दुसरे सापडलेले नाही.

झीज किती असली तर नाणे घेण्यायोग्य राहत नाही?

याला ग्रॅममध्ये किंवा टक्क्यांत उत्तर नाही. पाहायचे ते हे, की झीज सारखी आहे का आणि नाणे अजून ओळखता येते का. शेकडो हातांतून फिरल्यामुळे आलेली झीज उंच भागांवर आधी येते, केसांच्या बटा आणि गालाचे हाड प्रथम सपाट होते, आणि खोलगट भागात अक्षरांच्या कडा टिकून राहतात. अशी झीज डोळ्यांना सुखावते. घासून किंवा आम्लात बुडवून केलेली झीज उंच-सखल न पाहता सगळीकडे सारखी पोचते.

या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर रोमन सेनापती मार्क अँटनीच्या सैन्याच्या नाण्यांकडे वळावे लागते. इ.स.पू. ३२-३१ मध्ये, ऑक्टेव्हियनविरुद्धच्या (पुढचा सम्राट ऑगस्टस) निर्णायक लढाईच्या तयारीत असताना, अँटनीने आपल्या सैनिकांना पगार देण्यासाठी ही नाणी प्रचंड प्रमाणात पाडली. एका बाजूला वल्ह्यांचे युद्धजहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मध्ये सैन्याचे गरुडचिन्ह, आणि खाली त्या-त्या सैन्यदलाचा, म्हणजे लीजनचा, क्रमांक. अँटनी अ‍ॅक्टियमच्या लढाईत हरला, वर्षभरात मरण पावला, पण त्याची नाणी चलनात राहिली, आणि थोडीथोडकी नाही तर दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिली. कारण साधे आहे: त्यांत चांदीचा कस इतर डिनारियसपेक्षा कमी होता. नीरोने आणि पुढील सम्राटांनी कस घटवल्यावर लोकांनी जुनी, कसदार नाणी दडवून ठेवली किंवा वितळवली. अँटनीची नाणी वितळवून फायदा नव्हता, म्हणून ती हातोहात फिरत राहिली. दुसऱ्या शतकात मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस या सम्राटांनी सहाव्या लीजनचे तसेच नाणे नव्याने पाडून घेतले, यावरून ती लोकांच्या किती परिचयाची होती हे कळते.

म्हणूनच अँटनीचे झळझळीत, न झिजलेले नाणे मला कधी फारसे ओढून घेत नाही. त्याचे जहाज झिजून नुसती रेघ उरलेली असावी आणि गरुडचिन्ह बोटाला लागण्यापेक्षा डोळ्याला अधिक दिसावे, हेच त्या नाण्याचे खरे रूप आहे.

चेहऱ्यावर चंद्रकोर, टिंबे किंवा एखादे अक्षर असे बारीक ठोके आहेत. नाणे खराब केलेले आहे का?

हे ठोके बहुधा सराफांचे किंवा पेढीवाल्यांचे आहेत. प्रजासत्ताकाच्या आणि पहिल्या सम्राटांच्या काळातील डिनारियसवर ते नेहमी आढळतात. नाणे तपासले, आत तांबे नाही याची खात्री झाली, की पारख्याने आपली खूण मारायची, म्हणजे पुन्हा तेच नाणे समोर आल्यास वेळ जात नसे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडील जुन्या रुपयांवरही सराफांनी मारलेल्या अशाच खुणा असतात, आणि झिजलेल्या किंवा परमुलखातील रुपयावर सराफ जो बट्टा कापून घेत, तो शब्द आपण आजही नावाला बट्टा लागला असे म्हणताना वापरतो.

याहून मोठा, चौकटीतील अक्षरांचा ठोका असेल तर तो सरकारी असू शकतो. सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात आजच्या तुर्कस्तानातील एफिसस येथे जुन्या, झिजलेल्या डिनारियसवर त्याच्या नावाची अक्षरे ठोकून ती पुन्हा चलनात आणली गेली. नाण्याचे मूळ चित्र जवळजवळ गेलेले आणि ठोका मात्र ठसठशीत, अशी ही नाणी आज संग्राहक त्या ठोक्यासाठीच शोधतात.

चांदीचा पापुद्रा उडाला आहे आणि आत तांबे दिसते आहे. हे नाणे फेकून द्यावे का?

कृपया फेकू नये. हे त्या काळचेच खोटे नाणे आहे. तांब्याच्या चकतीला चांदीचा पातळ पत्रा गुंडाळायचा, दोन्ही धातू एकमेकांना धरतील इतके तापवायचे आणि मग ठशाखाली घालायचे, अशी ती पद्धत होती. नवे असताना असे नाणे चांगल्या नाण्यासारखेच दिसे. तांबे चांदीपेक्षा हलके असल्यामुळे वजन मात्र अनेकदा अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरे. शतकानुशतके जमिनीत राहिल्यावर आतले तांबे गंजते, फुगते आणि चांदीची साल फोडून हिरव्या किंवा तांबूस डागांच्या रूपाने बाहेर येते.

रोमन लोकांना याचा किती त्रास होता याची कल्पना इ.स.पू. ८५ च्या सुमाराच्या एका घटनेवरून येते. मारियस ग्रॅटिडियानस या प्रेटर पदावरील अधिकाऱ्याने नाण्यांची पारख करण्याविषयीचा हुकूम जाहीर केला, आणि लोक इतके खूश झाले की रोमच्या गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले. ही हकीकत सांगणारा रोमन लेखक थोरला प्लिनी, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि ती मला फार मोलाची वाटते. तो म्हणतो की खोट्या डिनारियसचा नमुना लोक निरखून पाहतात आणि एका खोट्या नाण्यासाठी अनेक खरी नाणी मोजतात. सदोष नाण्यांची आवड ही आजच्या संग्राहकांची हौस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी प्लिनीचे हे वाक्य लक्षात ठेवावे.

मुलाम्याच्या नाण्यांत आणखी एक गंमत सापडते. बनावटकाराकडे अस्सल ठशांची जोडी नसल्यामुळे तो एका प्रकारच्या नाण्याची पुढची बाजू आणि भलत्याच प्रकारची मागची बाजू एकत्र करी. एका सम्राटाचा चेहरा आणि पाठीमागे दुसऱ्याच सम्राटाची पदवी असे नाणे दिसले, तर आधी वजन करावे.

कडा दातेरी आहेत. आणि दुसऱ्या एका नाण्याच्या कडा कापलेल्या आहेत. दोन्ही सारखेच का?

दोन्ही अगदी भिन्न आहेत. दातेरी कडा टांकसाळीनेच केलेल्या असतात. इ.स.पू. दुसऱ्या आणि पहिल्या शतकातील काही डिनारियसच्या चकत्यांना, शिक्का मारण्याआधी, छिन्नीने भोवताली खाचा पाडत. आत तांबे नाही हे दाखवण्याचा तो उपाय असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते, पण बनावटकारांनी दातेरी नाण्यांवरही चांदीचा मुलामा चढवून दाखवला. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की सीमेपलीकडच्या जर्मन टोळ्यांना रोमन पैशांत हीच जुनी दातेरी नाणी पसंत होती.

कापलेल्या कडा नंतरच्या हातांनी केलेल्या असतात, आणि त्यांचा सर्वांत मोठा पुरावा इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ मध्ये मिळाला. शेतात हरवलेला एक हातोडा धातुशोधक यंत्राने शोधताना तेथे रोमन खजिना सापडला. त्यात चौदा हजारांहून अधिक सिलिक्वा होत्या आणि त्यांतील बहुतेकांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या उतरवलेल्या होत्या. कापणाऱ्याने सम्राटाच्या चेहऱ्याला मात्र धक्का लावलेला नसतो. भोवतालची अक्षरे जातात, चेहरा राहतो. रोमची सत्ता ब्रिटनमधून उठत होती, नवी चांदी येणे थांबले होते, आणि असलेल्या नाण्यांतूनच चांदी काढून आणखी नाणी तयार केली जात होती. कापलेली सिलिक्वा हातात धरली की हा सगळा काळ त्या वेड्यावाकड्या कडेवर उतरलेला दिसतो, आणि म्हणून न कापलेल्या सिलिक्वापेक्षा ती मला अधिक जवळची वाटते. हॉक्सनचा खजिना आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तो हातोडाही.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर छेद का असतात?

भारतात मिळालेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत दोन प्रकार फार मोठ्या संख्येने आढळतात: एक ऑगस्टसचे, ज्याच्या मागे त्याचे दत्तक पुत्र गायस आणि लुशियस ढाली-भाल्यांसह उभे आहेत, आणि दुसरे टायबेरियसचे, ज्याच्या मागे एक स्त्री बसलेली आहे. तेलंगणातील अक्कनपल्ले येथील ठेव्यात अशी दीड हजारांहून अधिक नाणी होती. दक्षिणेतील काही ठेव्यांतील नाण्यांवर, विशेषतः सम्राटाच्या चेहऱ्यावर, छिन्नीने मारलेले सरळ छेद आहेत. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टई येथे निघालेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांची हीच स्थिती होती. कोणी हा छेद धातू तपासण्यासाठी मारलेला मानतात, तर कोणी नाणे चलनातून बाद करून केवळ धातू म्हणून ठेवण्याची ती खूण मानतात. मला दुसरे मत अधिक पटते, कारण आतला धातू पाहायचा तर कडेला टोचले तरी भागते, आणि येथे छेद नेमका परक्या राजाच्या मुखावर आहे.

महाराष्ट्राचा या व्यापाराशी प्रत्यक्ष संबंध आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात पैठण आणि तेर येथून भडोचच्या बंदराकडे माल जात असल्याचे सांगितले आहे, आणि तेथे सोन्या-चांदीची रोमन नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो असेही नमूद आहे. त्याच काळाच्या आसपासचा क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी १३ हजारांहून अधिक नाणी सापडली, आणि त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. चित्र म्हणून पाहिली तर ती नाणी गोंधळाची आहेत, नहपानाच्या नाकावर सातवाहनांचे चिन्ह चढलेले आहे. पण सातवाहनांच्या विजयाचा इतका थेट पुरावा त्या गोंधळातच आहे. रोमन नाण्यांवरचे ठोके आणि छेद समजून घ्यायचे असतील, तर मराठी संग्राहकाने आधी जोगळटेंभीची नाणी पाहावीत असे मी नेहमी सुचवतो.

नाणे काळे पडले आहे. घरी साफ करावे का?

करू नये. दिवाळीआधी घरातील चांदीची भांडी रांगोळी, चिंच किंवा दंतमंजनाने लखलखीत करण्याची आपल्याला सवय असते, आणि तोच हात नाण्याकडे वळतो. सुरुवातीच्या दिवसांत मीही टायबेरियसचे एक डिनारियस चिंचेच्या कोळात ठेवले आणि मऊ ब्रशने घासले. नाणे पांढरेफटक झाले. अक्षरांच्या पायथ्याशी साचलेली काळी छटा, जिच्यामुळे अक्षरे उठून दिसत होती, ती गेली आणि चित्राभोवतीच्या सपाट भागावर बारीक समांतर ओरखडे उमटले. त्याला आता बरीच वर्षे झाली. कडेने पुन्हा थोडी राखाडी छटा येऊ लागली आहे, पण ओरखडे तसेच आहेत आणि तसेच राहतील.

करडी, निळसर किंवा मधाच्या रंगाची जी छटा चांदीवर हळूहळू चढते, ती चांदीचे भूषण आहे. जाड, मेणचट, जांभळट-करड्या रंगाचा थर असेल तर तो जमिनीतील क्षारांमुळे तयार झालेला सिल्व्हर क्लोराइड असतो आणि तो अनुभवी जतनतज्ज्ञानेच काढावा, कारण त्या थराखाली पृष्ठभाग शिल्लक आहे की नाही हे आधी कळत नाही. नुसती माती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात नाणे बुडवून ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि न घासता सुकू द्यावे.

खणखणीत वाजते का ते पाहण्यासाठी नाणे टाकून पाहावे का?

आपण वाजवून घेण्याची भाषा करतो, आणि रोमन पारखीही तेच करीत. तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगतो की पारखी डोळे, स्पर्श आणि वास यांनी नाणे तपासतो आणि शेवटी ते खाली टाकून आवाज ऐकतो. आज मात्र हे अजिबात करू नये. दीर्घकाळ पुरलेल्या चांदीत आतल्या आत बदल होतात, कणांच्या सीमांवर इतर धातू गोळा होतात, आणि धातू बाहेरून धड दिसत असला तरी काचेसारखा ठिसूळ झालेला असतो. असे नाणे फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे होतात आणि मोडलेल्या कडेवर साखरेसारखे दाणे दिसतात. वजनकाटा आणि भिंग एवढ्यावर पारख करता येते.

तिसऱ्या शतकातील नाण्यांत चांदीच नाही म्हणतात. ती का जमवावीत?

सम्राट गॅलिएनसच्या एकट्याच्या राजवटीत, म्हणजे इ.स. २६० ते २६८ या काळात, चांदीचे प्रमाण काही टक्क्यांवर घसरले होते हे खरे आहे. पाडताना नाण्याच्या पृष्ठभागावर चांदीची झाक आणली जाई आणि वापरात ती झटकन उडे. चकत्या वाकड्या, ठसे थकलेले, अक्षरे पुसट. तरीही याच राजवटीच्या अखेरीस रोमच्या टांकसाळीने देवतांच्या नावांनी प्राण्यांची एक सुंदर मालिका काढली: डायनासाठी हरीण, नेपच्यूनसाठी सागरी घोडा, अपोलोसाठी अर्धमानव अश्व. साम्राज्य मोडकळीस आलेले, तिजोरी रिकामी, आणि कोणीतरी कोरक्या दोन सेंटिमीटरच्या तांबूस चकतीवर मागे वळून पाहणारे हरीण कोरत होता. चांदीची झाक फक्त हरणाच्या पोटाखाली, खोलगट भागात उरलेली असावी आणि बाकी नाणे तपकिरी व्हावे, अशा अवस्थेतील नाणी अगदी माफक किमतीत मिळतात.

बनावट नाणी विकणारे मुद्दाम दोष घडवतात का?

होय, आणि या छंदातील सर्वांत मोठी सावधगिरी येथेच हवी. साच्यात ओतलेले नकली नाणे मऊ, अस्पष्ट दिसते, आणि ती अस्पष्टता झीज म्हणून खपवली जाते. फरक असा की झिजलेल्या नाण्याच्या खोलगट भागात कोरीव काम तीक्ष्ण राहते, ओतलेल्या नाण्यात तेही बोथट असते. भिंगाखाली सूक्ष्म बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवर जोडाची रेघ शोधावी. दोन नाण्यांवर नेमक्या एकाच ठिकाणी तीच चीर किंवा तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही नकली असण्याचा संभव फार मोठा आहे. पाडतानाची चीर दर नाण्याची वेगळी असते, म्हणून आढळलेला प्रत्येक दोष अन्य नाण्यांच्या छायाचित्रांशी ताडून पाहावा.

दोषामुळे किंमत कशी ठरते?

बाजारात ब्रोकेज, सरकारी ठोके आणि काही दुर्मीळ मुलाम्याची नाणी यांची किंमत चढते, इतर दोषांनी उतरते. छिद्र पाडून दागिन्यात ओवलेले नाणे सर्वांत स्वस्त असते. परदेशातील काही संस्था प्राचीन नाण्यांना छाप आणि पृष्ठभाग यांसाठी पाचपैकी वेगवेगळे गुण देतात. ही पद्धत मला समतोल वाटते, कारण टांकसाळीची उणीव आणि जमिनीने केलेली हानी तेथे एकाच मापाने मोजली जात नाही.

भारतात अशी नाणी बाळगण्याविषयी कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. त्याचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो आणि त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाणे कोठून आले याची पावती नसेल तर ते कितीही आवडले तरी घेऊ नये. शेतात सापडले म्हणून कोणी हळूच दाखवलेले नाणे घेणे हा गुन्ह्यात सहभाग आहे, शिवाय त्या ठेव्याची संगती कायमची मोडते आणि ते नुकसान कोणत्याही संग्रहाने भरून निघत नाही.

नाणी ठेवावीत कशी?

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नयेत. काही वर्षांत त्यांतून चिकट हिरवट द्रव पाझरतो. रबरबँड, लोकरी कापड आणि ताज्या लाकडाचे खण यांपासूनही दूर ठेवावीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती पावसाळ्यात वेळोवेळी बदलावी. नाणे कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

संग्रहाच्या नोंदीत दोष कसा लिहावा?

जेवढे दिसते तेवढे, आणि ते कोणाच्या हातचे आहे असे वाटते तेही लिहावे. 'स्थिती साधारण' असे लिहून काहीच कळत नाही. माझ्या वहीतील अँटनीच्या नाण्याची नोंद नमुन्यादाखल देतो:

'वजन ३.४२ ग्रॅम. जहाजाची डोलकाठी आणि मधली चार वल्ही दिसतात, बाकी सपाट. चलनातील झीज, दोन्ही बाजूंना सारखी. पुढच्या बाजूला जहाजाच्या वर चंद्रकोरीचा ठोका, सराफी, कडा झिजलेल्या, म्हणजे ठोक्यानंतरही नाणे बराच काळ फिरले. कडेला एक चीर, पाडतानाची. मागच्या बाजूला लीजनचा क्रमांक: आधी पाचचे अक्षर, मग एक उभी रेघ, त्यापुढे झीज. तिरप्या उजेडात दुसऱ्या रेघेचा पाया असल्यासारखे वाटते. सहावी किंवा सातवी.'